न लागलेला बाण

दोस्तांनो, या वेळी तुम्हांला एका खोट्या चित्राची गोष्ट सांगणार आहे. खोटं म्हणजे नकली नव्हे हं! चित्र अगदी अस्सल आहे, चारशे वर्षांपूर्वीचं आहे आणि बादशहाच्या पदरी असलेल्या नामांकित चित्रकारानं काढलेलं आहे. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात चेस्टर बीटी नावाचं संग्रहालय आहे, तिथं ते जपून ठेवलंय. खोटी आहे ती त्यात दाखवलेली घटना. ती कधी घडलीच नाही!

आता डोळे मिटा आणि मी सांगते तसं चित्र मनात उभं करा. एक भरदार पुरुष. अंगावर उंची वस्त्रं, गळ्यात मोत्यांच्या माळा, डोक्यामागे सोनेरी तेजाचं वलय. तो जमिनीवर उभा नाही. त्याच्या पायांखाली चक्क पृथ्वीचा गोल आहे. तो गोल एका बैलाच्या पाठीवर आणि तो बैल एका भल्यामोठ्या माशाच्या पाठीवर. या पुरुषानं धनुष्य ताणलंय. समोर एक उंच भाला रोवलाय आणि भाल्याच्या टोकाला एका माणसाचं मुंडकं खोचलंय. मुंडक्यावर घुबड बसलंय. आणि वर आभाळात पंख फुटलेली गुटगुटीत बाळं या वीराला शस्त्रं पुरवायला सज्ज आहेत.

धनुष्य ताणणारा तो मोगल बादशहा जहांगीर. आणि भाल्यावरचं मुंडकं मलिक अंबरचं.

मलिक अंबर हे नाव ऐकलंय ना? चौथीच्या इतिहासात शहाजीराजे आले की त्यांच्या आगेमागे मलिक अंबरही येतो. निजामशाहीचा वजीर, अशी त्याची एका ओळीत ओळख करून देतात आणि पुढे जातात. मला नेहमी वाटतं, या माणसाला एक ओळ फार कमी आहे. १५४८ च्या सुमारास तो आफ्रिकेत, हबसाण म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मला. लहानपणीच त्याला गुलाम म्हणून विकलं गेलं. एका मालकाकडून दुसऱ्याकडे, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, असं करत करत बगदादमार्गे तो आपल्या दख्खनमध्ये पोचला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं त्याला विकत घेतलं. गंमत म्हणजे हा चंगीझखान स्वतःही एकेकाळी गुलामच होता.

तर असा हा परदेशातून आणलेला, आईबापांपासून तोडलेला पोरगा. त्यानं इथली भाषा शिकून घेतली, इथले डोंगर, घाट, नद्या पाठ केल्या. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपली निजामशाही. पण मलिक अंबरनं घराण्यातला एक वारस शोधला, त्याला गादीवर बसवलं आणि सगळा कारभार आपल्या हाती घेतला. त्याच्या फौजेत मराठे बारगीर होते, हबशी होते. मोगलांची फौज म्हणजे हत्ती, तोफा, तंबू, बाजारबुणगे असा चालता गावच. मलिक अंबर तिच्या समोर उभाच राहायचा नाही. आज रसद लुटली, उद्या पाणवठा अडवला, परवा रात्रीच छापा घातला, की पसार! हीच ती गनिमी काव्याची रीत. खडकी नावाच्या खेड्याच्या जागी त्यानं शहर वसवलं, जमिनीखालून नळ घालून त्या शहराला पाणी आणलं. तेच शहर पुढे औरंगाबाद झालं आणि आताचं छत्रपती संभाजीनगर.

मोगलांनी त्याला हरवलं नाही असं नाही बरं का. १६१६ साली त्याचा मोठा पराभव झाला आणि मोगल फौजेनं खडकी जाळली. पण थोड्याच दिवसांत गडी पुन्हा उभा! जहांगीर वैतागला नसता तरच नवल. जहांगीरनं स्वतःच्या राजवटीची हकिकत लिहून ठेवली आहे. तीत मलिक अंबरचं नाव आलं की बादशहाची लेखणी सरळ शिव्यांवर उतरते. एवढा मोठा हिंदुस्थानचा बादशहा, आणि एक म्हातारा वजीर त्याला दाद देत नाही!

मग काय करायचं? रणांगणात जे जमत नाही ते कागदावर करायचं. जहांगीरच्या पदरी अबुल हसन नावाचा चित्रकार होता. १६१८ साली बादशहानं त्याला ‘नादिर-उझ-झमान’, म्हणजे ‘या काळातला अद्वितीय’ असा किताब दिला, यावरून त्याच्या हाताची कल्पना येईल. या अबुल हसननं १६१६ च्या सुमारास हे बाणाचं चित्र रंगवलं. खरं तर जहांगीर आणि मलिक अंबर यांची युद्धात कधी समोरासमोर गाठच पडली नाही. मलिक अंबर १६२६ साली मेला, तोही म्हातारपणानं, जवळजवळ ऐंशीच्या घरात. त्याची कबर खुलताबादला आहे. त्याचं मुंडकं शेवटपर्यंत त्याच्या धडावरच होतं!

आता हे चित्र आपण नीट वाचू या. हो, ‘वाचू या’ असंच म्हणते मी. राजेरजवाड्यांची चित्रं नुसती बघायची नसतात, अक्षर अक्षर लावून वाचायची असतात.

आधी पायांखालचा गोल. जहांगीर या शब्दाचा अर्थच मुळी ‘जग जिंकणारा’. त्याचं जन्मनाव सलीम. १६०५ मध्ये गादीवर आल्यावर त्यानं हे नवं नाव घेतलं. आता जग जिंकणारा चित्रात दाखवायचा कसा? सोपं आहे, त्याला जगावरच उभा करा! पृथ्वीचे असे गोल तेव्हा युरोपातून येत. ते दरबारातल्या चित्रकारांनी पाहिले आणि बादशहाच्या पायांखाली ठेवून दिले. गोलाखालचा बैल आणि मासा मात्र युरोपातले नाहीत. आपल्याकडे जशी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे अशी कथा सांगतात, तशी त्या लोकांत बैल आणि माशाची कथा होती. म्हणजे नवा भूगोल आणि जुनी कथा, दोन्ही एकाच चित्रात. चित्रकाराला त्याचं काही वावगं वाटलं नाही.

मग घुबड. ते तर तुम्हीच सांगाल. आजीला विचारा, घराजवळ घुबड ओरडलं तर ती काय म्हणते. त्यांच्याकडेही घुबड अपशकुनी, ओसाड जागेत राहणारं. चित्रात बारीक फारसी अक्षरांत मजकूरही लिहिलाय. त्याचा भावार्थ असा, की रात्रीसारख्या काळ्या या माणसाचं डोकं आता घुबडाचं घर झालं. बघा, एका माणसाला हिणवायला त्याचा रंग काढला! आमच्या वर्गात कुणी कुणाला रंगावरून बोललं तर मी त्याला उभं करते. अबुल हसनला कोण उभं करणार?

चित्रात एक साखळीही आहे, घंटा लावलेली. ती ‘न्यायाची साखळी’. जहांगीर गादीवर बसला तेव्हा त्यानं आग्र्याच्या किल्ल्यावर सोन्याची साखळी टांगण्याचा हुकूम दिला होता. तिला साठ घंटा होत्या. ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्यानं यावं आणि साखळी ओढावी. ही साखळी आणि शिवाय एक तराजू या चित्रात का? विचार करा. नुसतं शत्रूचं मुंडकं उडवणारा राजा दाखवला तर लोक म्हणतील, क्रूर आहे. पण बाजूला तराजू ठेवला की तेच मुंडकं उडवणं हा न्याय होतो! आणखी एका बाजूला गोल गोल शिक्के काढलेत. त्यांत जहांगीरच्या बापजाद्यांची नावं आहेत, थेट तैमूरपर्यंत. म्हणजे, ‘आम्ही कोण आहोत ते पाहा. तू कोण? बाजारात विकलेला गुलाम!’

हे सगळं एका चित्रात, एका कागदावर. तोंडातून शब्द न काढता.

मी हे चित्र एकदा माझ्या वर्गात दाखवलं. मुंडकं पाहून पोरं आधी चीत्कारली, मग गप्प झाली. एक मुलगी बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘‘बाई, बादशहाला भीती वाटत होती का?’’ मी विचारलं, असं का वाटलं तुला? तर म्हणाली, ‘‘ज्याची भीती नसते त्याचं कोण कशाला एवढं मोठं चित्र काढायला सांगेल?’’ दोस्तांनो, या प्रश्नावर मोठमोठ्या अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. तिनं ते एका वाक्यात सांगून टाकलं.

एक गोष्ट राहिलीच. डोक्यामागचं ते तेजाचं वलय आणि ती पंख फुटलेली बाळं कुठून आली? तर आपल्या गोव्याहून! जहांगीरचा बाप अकबर याला निरनिराळ्या धर्मांबद्दल फार कुतूहल. त्यानं गोव्याच्या पोर्तुगीजांकडे निरोप धाडून जेझुइट पाद्री बोलावून घेतले. ते १५८० साली फत्तेपूर सिक्रीला पोचले. भेट म्हणून त्यांनी बायबलचे मोठमोठे छापील ग्रंथ नेले होते, येशू आणि मेरीची चित्रंही नेली होती. त्या चित्रांत संतांच्या डोक्यामागे वलय असतं आणि आभाळात पंखवाली देवदूत बाळं असतात. मोगल चित्रकारांनी ती हुबेहूब उतरवून काढली. पुढे जहांगीरच्या काळात त्यांना युक्ती सुचली. वलय संताच्या डोक्यामागून काढलं आणि बादशहाच्या डोक्यामागे लावलं! मग बादशहा म्हणजे केवळ राजा नव्हे, देवाचं तेज अंगी असलेला पुरुष. आणि एकदा का हे लोकांच्या मनात बसलं, की त्याच्याविरुद्ध तलवार उचलणं म्हणजे पाप. पाद्रीबाबांनी चित्रं नेली होती बादशहाला ख्रिस्ती करायला. बादशहा काही ख्रिस्ती झाला नाही, वलय तेवढं ठेवून घेतलं.

तुम्ही विचाराल, ही चित्रं कोण बघत होतं? चौकात लावत होते का? नाही. ही चित्रं लहान असत, वहीच्या पानाएवढी. ती भिंतीवर टांगत नसत. सुंदर नक्षीचे हाशिये लावून त्यांची बाडं बांधत आणि बादशहा ती खास लोकांना दाखवी: शहजादे, सरदार, परदेशी वकील. म्हणजे ज्यांच्या बंडाची भीती होती तेच प्रेक्षक! आणखी एक रीत होती. ज्याच्यावर मर्जी असेल त्याला बादशहा स्वतःचं इवलंसं चित्र देई आणि तो सरदार ते पगडीवर मिरवी. आपल्याकडे निवडणुकीत छातीवर बिल्ला लावतात ना, तसंच. पाहणाऱ्याला लगेच कळतं, हा कुणाचा माणूस.

शत्रूचं झालं. मित्राचं काय? तर त्याचीही गोष्ट ऐका.

जहांगीरच्या राज्याच्या पश्चिमेला इराणचं राज्य होतं. तिथं शहा अब्बास नावाचा तितकाच बलाढ्य राजा. दोघं एकमेकांना पत्रांत ‘भाऊ’ म्हणायचे, नजराणे पाठवायचे. आणि दोघांचाही डोळा एकाच शहरावर, कंदाहारवर. व्यापाराचा रस्ता तिथूनच जायचा. कंदाहार तेव्हा मोगलांकडे होतं. १६१३ साली जहांगीरनं इराणला वकील पाठवला तेव्हा त्याच्याबरोबर एक चित्रकारही धाडला, बिशनदास. माणसाचा चेहरा जसाच्या तसा उतरवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शहाला जवळून पाहा आणि त्याचं हुबेहूब चित्र घेऊन ये, असं त्याला सांगितलं होतं. त्या काळी कॅमेरा कुठला! शेजारचा राजा कसा दिसतो, तब्येत कशी आहे, चेहऱ्यावरून स्वभाव कसा वाटतो, हे कळायला चित्रकारच पाठवायला हवा. बिशनदास १६२० मध्ये परतला तेव्हा खूश होऊन बादशहानं त्याला हत्ती बक्षीस दिला. हत्ती! चित्रकलेच्या वहीत ‘छान’ असा शेरा मिळाला की आपण हरखून जातो.

पण मला सांगायचं आहे ते चित्र पुन्हा अबुल हसनचंच. ते अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात आहे. एके रात्री जहांगीरला स्वप्न पडलं. तेजाच्या झळाळीत शहा अब्बास आला आणि बादशहाला आनंद झाला. या स्वप्नाचं चित्र काढलं गेलं. दोघं राजे पृथ्वीच्या गोलावर उभे आहेत आणि एकमेकांना मिठी मारताहेत. मागे सूर्य-चंद्राचं मोठं वलय, दोघांना मिळून एकच. वाटतं, वा! काय दोस्ती!

आता जरा बारकाईनं पाहा. जहांगीर उंचापुरा, रुंद खांद्याचा, ऐटीत उभा. शहा अब्बास त्याच्यापुढे अंगानं बारीक, थोडा वाकलेला, जणू धाकटा भाऊ थोरल्याला भेटायला आलाय. आणि पायांखाली पाहा. जहांगीर उभा आहे सिंहाच्या पाठीवर, शहा अब्बास मेंढराच्या! सिंह आणि मेंढरू शेजारी शेजारी शांत पडलेत, म्हणजे जगात शांतता नांदतेय, हा झाला वरवरचा अर्थ. पण गोलावर देशांचे नकाशे आहेत. सिंहानं अंग असं काही पसरलंय की तो इराणच्या हद्दीत घुसलाय आणि बिचारं मेंढरू पार भूमध्य समुद्राच्या कडेला लोटलं गेलंय. हसत हसत मिठी आणि खालून ढोसणं! वर्गात बाकावर शेजारच्याला हळूहळू सरकवतात ना, अगदी तसं.

हे दोघेही आयुष्यात कधी एकमेकांना भेटले नाहीत. आणि १६२२ साली शहा अब्बासनं कंदाहार घेतलं. मेंढरू म्हणून रंगवलेल्या राजानं! जहांगीरनं आपल्या शहजादा खुर्रमला, म्हणजे पुढच्या शहाजहानला, फौज घेऊन जायला सांगितलं, तर तो जाईना. उलट त्यानं बापाविरुद्धच बंड पुकारलं. आणि पळता पळता हा शहजादा आश्रयाला कुणाकडे आला असेल? मलिक अंबरकडे! ज्याचं मुंडकं बापानं चित्रात भाल्यावर लटकवलं, त्याच्याच मदतीवर मुलाची भिस्त. त्याच सुमारास, १६२४ मध्ये, अहमदनगरजवळ भातवडीला मलिक अंबरनं मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजेला धूळ चारली. शहाजीराजे त्या लढाईत होते आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथंच कामी आले.

मलिक अंबर वारल्यावर जहांगीरच्या दरबारातल्या मुतमदखान नावाच्या इतिहासकारानं त्याच्याबद्दल काय लिहिलं असेल? शिव्या? नाही. युद्धात, कारभारात आणि न्यायात याच्या तोडीचा दुसरा नव्हता, शेवटपर्यंत हा मानानं जगला, हबशी गुलाम इतका मोठा झाल्याचं दुसरं उदाहरण नाही, अशा अर्थाचं लिहिलंय. मला या लेखकाचं फार कौतुक वाटतं. शत्रूबद्दल एवढं लिहायला धैर्य लागतं.

राजांची ही खोड काही मोगलांपुरती नव्हती. तिकडे इंग्लंडमध्ये पहिली एलिझाबेथ राणी होती. १५८८ साली स्पेनचं प्रचंड आरमार इंग्लंडवर चालून आलं आणि इंग्रजांच्या तोफांनी व वादळांनी त्याची वाताहत झाली. त्यानंतर राणीचं एक चित्र निघालं. मागच्या बाजूला आरमार बुडताना दिसतंय आणि पुढे मोत्यांनी मढलेली राणी शांत बसलीय. तिचा उजवा हात कशावर आहे ठाऊक आहे? पृथ्वीच्या गोलावर! दोन देश, दोन दरबार, एकमेकांना न पाहिलेले चित्रकार, आणि गोल मात्र दोघांनाही हवा. फरक एवढाच, की राणीनं त्यावर हात ठेवला, बादशहानं पाय. पुढे १५९२ च्या सुमारास तिला इंग्लंडच्या नकाशावर उभी केलेलं चित्रही आलं. ते मात्र माणसाहून उंच आहे. तेव्हा ती साठीला टेकली होती, तरी बऱ्याचशा चित्रांत तिचा चेहरा तरणाताठाच ठेवत. ती वेडीविद्री दिसेल अशी चित्रं नष्ट करण्याचा हुकूमच १५९६ मध्ये सुटला होता. हा नुसता नटण्यामुरडण्याचा सोस नव्हता बरं का. राणीला मूलबाळ नव्हतं, पुढचा राजा कोण ते तिनं जाहीर केलेलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्या दिसल्या असत्या तर लोक म्हणाले असते, ‘आता हिच्यानंतर काय?’ आणि शत्रूंनी बोटं मोजायला सुरुवात केली असती.

याच राणीनं १६०० सालच्या शेवटच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. तिच्यानंतर पहिला जेम्स राजा झाला आणि त्याचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेला उतरला. पुढच्या वर्षी अजमेरला तो जहांगीरच्या दरबारात हजर झाला. त्याला हवा होता व्यापाराचा करार, तोही दोन बरोबरीच्या राजांमधला. जहांगीरला तहापेक्षा त्याच्याकडच्या चित्रांत जास्त रस! रोनं एक लहानसं इंग्रजी चित्र दाखवलं आणि असं तुमच्या लोकांना जमणार नाही अशी फुशारकी मारली. जहांगीरनं ते आपल्या चित्रकाराकडे दिलं. काही दिवसांनी रात्री मेणबत्तीच्या उजेडात त्याच्यापुढे सारखीच दिसणारी चित्रं मांडली. ओळखा, तुमचं कुठलं! रो गोंधळला. मोठ्या मुश्किलीनं त्यानं आपलं चित्र ओळखलं. हे त्यानं स्वतःच रोजनिशीत लिहून ठेवलंय.

अशाच एखाद्या चित्रावरून पाहून बिचित्र नावाच्या मोगल चित्रकारानं जेम्स राजाला आपल्या चित्रात आणलं. हेही चित्र वॉशिंग्टनलाच आहे. जहांगीर एका भल्यामोठ्या वाळूच्या घड्याळावर, तेच सिंहासन करून, बसलाय. घड्याळावर देवदूत लिहिताहेत, की बादशहाची राजवट हजार वर्षं चालो. पण घड्याळातली वाळू खाली सांडतेच आहे! समोर चौघं जण एकाखाली एक उभे आहेत. सगळ्यांत वर पांढऱ्या दाढीचा एक साधू, अजमेरच्या दर्ग्याचे शेख हुसेन. बादशहा त्यांना ग्रंथ देतोय. त्यांच्याखाली तुर्कस्तानचा सुलतान, हात जोडलेला. आणि त्याच्याही खाली इंग्लंडचा राजा! त्याच्याकडे बादशहा ढुंकूनही बघत नाही. राजेसाहेब आपल्याकडे, म्हणजे चित्राबाहेर बघताहेत, हात तलवारीच्या मुठीपाशी, चेहऱ्यावर ‘मला इथं कुणी उभं केलं?’ असा भाव. चौकातल्या फ्लेक्सवर वर मोठ्या साहेबांचा चेहरा असतो आणि खाली गल्लीतल्या कार्यकर्त्यांचे बटणाएवढे चेहरे असतात, तो हिशेब इथं इंग्लंडच्या राजाला लागू झालाय. रोला हवा होता तो बरोबरीचा तह काही मिळाला नाही. व्यापाराच्या थोड्या सवलती घेऊन तो १६१९ मध्ये परत गेला.

आणि चौथा माणूस? अगदी खालच्या कोपऱ्यात, पिवळा जामा आणि लाल पगडी घातलेला, तो चित्रकार बिचित्र स्वतः. जामा डाव्या बाजूला बांधलाय, त्यावरून तो हिंदू असावा असं जाणकार सांगतात. त्याच्या हातात एक लहान चित्र आहे. त्या चित्रात दोन घोडे आहेत, एक हत्ती आहे आणि एक माणूस वाकून मुजरा करतोय. मिळालेलं बक्षीस तो दाखवतोय की काय, कोण जाणे. सुलतान आणि राजा यांच्या रांगेत एका चित्रकारानं स्वतःला बसवायचं म्हणजे केवढी हिंमत! मग ते बादशहाला खुपू नये म्हणून त्यानं आपली सही कुठं केली असेल? बादशहाच्या सिंहासनाखाली एक छोटी चौकी आहे, वर चढताना पाय ठेवायला. त्या चौकीवर, जिथं बादशहाचं पाऊल पडेल नेमकं तिथं, ‘बिचित्र’ असं लिहिलंय.